पाचवे कारण

बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा हे गाव मुंबई-नागपूर लोहमार्गावर आणि जुन्या सहा क्रमांकाच्या, परंतु आता त्रेपन्न हा अनुक्रमांक धारण करणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर वसलेले असल्यामुळे, परप्रांतीच्या मालाची अहोरात्र चाललेली ने-आण हा तेथील जीवनाचा एक नित्य भाग होऊन बसला आहे. याच महामार्गाच्या कडेला मारुतीची १०५ फूट उंचीची मूर्ती उभी असून, तिच्यासमोरून जाताना मान लववली नाही असा वाहनचालक विरळाच. स्टिअरिंगवरचा एक हात उचलून कपाळाला लावणारा ट्रकचालक दुसऱ्याच क्षणी ॲक्सिलरेटरवरचा पाय अधिक दाबतो, आणि या दोन क्रियांत काही विसंगती आहे असे ना त्याला वाटते, ना पाहणाऱ्याला. या न जाणवणाऱ्या विसंगतीचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कारण तिच्या मुळाशी एक जुना आणि गंभीर प्रश्न आहे. रस्त्यावर, अंगणात वा गोठ्यात एखादे बालक दगावले असता त्या मृत्यूची नोंद कोणाच्या खाती करावयाची? त्याचे आयुष्यच तेवढे होते असे म्हणून दैवाच्या खाती, कोणा एका चालकाच्या प्रमादाच्या खाती, की आणखी कोणाच्या?

हा प्रश्न या जिल्ह्यापुढे सन २०२३ मध्ये फार क्रूरपणे उभा राहिला. १ जुलै रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे एक खाजगी प्रवासी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी जळून मृत्युमुखी पडले. त्याच महिन्याच्या २९ तारखेच्या पहाटे मलकापूर येथे दोन खाजगी बसगाड्या परस्परांवर आदळल्या. त्यांपैकी एकीत अमरनाथची यात्रा आटोपून हिंगोलीकडे परतणारे भाविक होते. पुढे २ ऑक्टोबरच्या पहाटे, खुद्द नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजी येथे, महामार्गाच्या कामावर आलेले मेळघाटाकडील मजूर रस्त्याच्या कडेला निजलेले असता एक ट्रक त्यांच्या अंगावर गेला. पिंपळखुट्याच्या दुर्घटनेनंतर काही दिवसांतच त्या स्थळी महामृत्युंजय मंत्राचा सामुदायिक जप करण्यात आला आणि तेथे यंत्र स्थापिल्यामुळे यापुढे त्या टापूत अपघात होणार नाही असा दावा करण्यात आला, तेव्हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हाही दाखल झाला.

जप करणाऱ्यांच्या करुणेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मृतांसाठी प्रार्थना करणे हे मनुष्यमात्राच्या मनाचे स्वाभाविक लक्षण आहे, आणि ज्या समाजात ते लोपले तो समाज अधिक शहाणा झाला असे कोणी समजू नये. परंतु प्रार्थना आणि दावा या दोन भिन्न कोटीतील गोष्टी होत. प्रार्थना गेलेल्यांविषयी असते व तिने कोणाचे कर्तव्य कमी होत नाही. उलट, यंत्राने अपघात टळतात असा दावा करणारा मनुष्य, जे काम अभियंत्याचे, अंमलदाराचे आणि वाहनमालकाचे आहे ते त्यांच्या शिरावरून उतरवून एका ताम्रपटावर ठेवतो. आक्षेप आहे तो या उतरवण्याला.

या प्रश्नाशी ज्यांनी आपले सारे आयुष्य झुंज दिली, परंतु ज्यांना कोणी तत्त्वचिंतक म्हणून ओळखले नाही, अशा एका संशोधकाचे नाव येथे घेणे अगत्याचे आहे. दिनेश मोहन (१९४५–२०२१) यांनी पवईच्या आय.आय.टी.मधून १९६७ साली यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात जीव-अभियांत्रिकीत डॉक्टरेट संपादन केली. उंचावरून पडलेल्या मुलाच्या कवटीवर किती आघात होतो, आणि तो कोणत्या मर्यादेपर्यंत ती सोसू शकते, याचा अभ्यास त्यांच्या आरंभीच्या संशोधनाचा विषय होता. आईबापांनी ज्याला धडपडणे म्हणून सोडून द्यावे, त्या घटनेचे या तरुणाने गणित मांडले. वॉशिंग्टन येथील महामार्ग-सुरक्षा संस्थेत काही वर्षे काम केल्यावर ते १९७९ च्या सुमारास स्वदेशी परतले आणि दिल्लीच्या आय.आय.टी.त त्यांनी वाहतूक संशोधन व इजा-प्रतिबंध यांचा एक कार्यक्रम नावारूपाला आणला. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली रस्त्यांवरील इजांच्या प्रतिबंधाविषयी जो पहिला मोठा अहवाल प्रसिद्ध केला, त्याच्या संपादकांत त्यांचा अंतर्भाव होता. २१ मे २०२१ रोजी कोरोनाच्या साथीत त्यांचे निधन झाले.

या चरित्रक्रमातील मोठी पदे बाजूस ठेवून मला त्यांचे एक लहानसे वाटणारे काम अधिक महत्त्वाचे वाटते, आणि ते नांदुऱ्याच्या शेतकऱ्याला तत्काळ समजेल असे आहे. ज्वारीचा कडबा कापण्याचे हाताने फिरवायचे यंत्र, ज्याला आपण कडबा कुट्टी म्हणतो, ते ज्या ज्या गोठ्यात आहे तेथे तेथे बोटे गमावलेले एखादे मूल त्या पंचक्रोशीत आढळतेच. मोठी माणसे कुट्टी करून निघून जातात, मुले मोकळे चाक फिरवून खेळू लागतात, एकाने चाक फिरवावे आणि दुसऱ्याने तोंडाशी हात घालावा असे घडते, आणि घरचे लोक पोराच्या व्रात्यपणाला व स्वतःच्या नशिबाला बोल लावीत उरलेले आयुष्य काढतात. मोहन आणि त्यांचे सहकारी हरियाणाच्या खेड्यांतून घरोघर हिंडले, इजा कोणाला, केव्हा आणि कशी झाली याच्या नोंदी त्यांनी केल्या, आणि मुलांना उपदेश करण्याऐवजी यंत्राचीच रचना बदलली: पात्यांपुढे आडोसा बसवला, चारा सरकवणाऱ्या हाताला धोक्याच्या आधीच चाहूल लागावी म्हणून एक रूळ घातला, आणि काम नसताना चाक फिरूच नये म्हणून त्याला अडसर केला. दिवाळीच्या फटाक्यांनी भाजणाऱ्या मुलांविषयीही त्यांनी असाच अभ्यास केला. मूल खेळणारच, हे त्यांनी गृहीत धरले. मुलाचा स्वभाव हा दोष न मानता, त्या स्वभावाचा विचार न करणारे यंत्र सदोष मानले. नीतिशास्त्राच्या दृष्टीने पाहता हा फार मोठा पालट आहे, कारण दुर्बळाच्या अंगचा दोष त्याने समर्थाच्या रचनेत नेऊन ठेवला.

या दृष्टीची सैद्धांतिक बैठक विल्यम हॅडन या अमेरिकन वैद्याने घातली होती. हॅडनने असे प्रतिपादन केले की, मलेरियाचे कारण ज्याप्रमाणे विशिष्ट जंतू, त्याप्रमाणे इजेचे कारण म्हणजे शरीराच्या सोसण्यापलीकडे त्याच्यावर येऊन पडणारी ऊर्जा. मग ती वेगाची असो, उष्णतेची असो वा विजेची असो. म्हणून मनुष्य, वाहन आणि परिसर ही तीन अंगे, आणि घटनेपूर्वीचा, घटनेच्या वेळचा व घटनेनंतरचा असे तीन काल घेऊन त्याने एक कोष्टक आखले, आणि त्याच्या प्रत्येक घरात काही ना काही करण्याजोगे असते हे दाखवून दिले. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, हे पदार्थविज्ञानाचे साधे सूत्र आहे. सरासरी वेगात शेकडा एक इतकी वाढ झाली तरी प्राणघातक अपघातांचा संभव शेकडा चारच्या आसपास वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच ते एकोणतीस या वयाच्या मुलांच्या व तरुणांच्या मृत्यूचे जगातील पहिल्या क्रमांकाचे कारण आज रस्त्यावरील इजा हे आहे. भारतात एकट्या २०२२ साली १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली. एवढ्या मोठ्या आकड्याला साथ म्हणावयाचे की प्रारब्ध, याचा निर्णय आपल्याच शास्त्रग्रंथांना विचारून पाहावा.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, विविध चेष्टा, आणि पाचवे दैव. भाष्यकारांनी अधिष्ठान या पदाने देह घेतला आहे आणि दैव या पदाने कित्येकांनी इंद्रियांच्या अधिदेवता घेतल्या आहेत. तथापि देह ज्या भूमीवर वावरतो ती भूमीही अधिष्ठानात धरण्यास अर्थाची फारशी ओढाताण होणार नाही. असे धरले म्हणजे दिसून येते की, अधिष्ठान म्हणजे रस्ता व परिसर, कर्ता म्हणजे चालक, करणे म्हणजे वाहन व त्याची सामग्री, आणि चेष्टा म्हणजे त्या क्षणीची गती, वळण, थांबणे, ओलांडणे. हॅडनच्या कोष्टकातील तिन्ही अंगे या चार कारणांत येऊन बसली. दैव पाचवे आहे, आणि गणनेच्या क्रमात ते शेवटी यावे याला काही अर्थ असला पाहिजे. पहिली चार तपासून झाल्यावाचून पाचव्याकडे बोट दाखविणारा मनुष्य गीतेचा अनुयायी ठरत नाही. तो फक्त चौकशी टाळतो.

परंतु याच स्थळी गीता आणखी एक गोष्ट सांगते, आणि तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. पाच कारणे असूनही जो केवळ आत्म्यालाच कर्ता समजतो, त्याची दृष्टी अपुरी आहे, असा तिचा अभिप्राय आहे, आणि केवळ एकाच कर्त्याकडे बोट दाखविणाऱ्यालाही तो लागू पडावा. या निकषावर आपला पोलिसी पंचनामा घासून पाहावा. सदर इसमाने आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून मयताच्या मरणास तो कारणीभूत झाला, एवढ्यावर आमची चौकशी संपते. रस्त्याच्या कडेला मजुरांच्या निजण्याची तजवीज कोणी केली, वळणावर दिवा का नव्हता, गावातून जाणाऱ्या महामार्गावर वेग उतरविण्याची योजना का झाली नाही, चालकाला किती तास सलग जागविले होते, हे प्रश्न दप्तरात येतच नाहीत. म्हणजे दैववादी पाचवे कारण तेवढे पाहतो आणि फौजदार दुसरे तेवढे. दोघांच्या मधली सारी जागा, जेथे समाजाचा हात चालू शकतो, ती रिकामीच राहते. दिनेश मोहन यांनी चालकाला उपदेश करण्याच्या मोहिमांवर फारसा भरवसा न ठेवता रस्ता, वाहन आणि वेग यांच्या नियमनावर जो भर दिला, तो याच रिकाम्या जागेवर होता.

याहूनही स्पष्ट असे विवेचन चरकसंहितेत आढळते. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, म्हणजे जनपदेच्या जनपदे उद्ध्वस्त करणाऱ्या साथींच्या प्रकरणात, अग्निवेश आपल्या गुरूला विचारतो की आयुष्याचे प्रमाण नियत आहे की अनियत. आत्रेय उत्तर देतात की ते दैव आणि पुरुषकार या दोहोंच्या बलाबलावर अवलंबून असते. आणि पुढे युक्तिवाद करतात की सर्वांचे आयुष्य जर ठरलेलेच असते, तर औषधाची गरज उरली नसती आणि बिथरलेला बैल वा हत्ती समोरून येत असता वाट सोडण्याचेही कारण नव्हते. मग ते गाडीच्या आसाचा दृष्टांत घेतात. चांगला आस नीट चालविला असता आपल्या कालमर्यादेपर्यंत झिजून संपतो, तो कालमृत्यू. तोच आस फाजील ओझ्याने, ओबडधोबड वाटेने, वाट सोडून चालविल्याने, चाक मोडल्याने, ओढणाऱ्या जनावराच्या व हाकणाऱ्याच्या दोषाने, चाकाची खीळ निसटल्याने, वंगण नसल्याने किंवा गाडी उलटल्याने मधेच मोडतो, तो अकालमृत्यू. दोन हजार वर्षांमागे वैद्याने केलेली ही यादी आजच्या परिवहन अधिकाऱ्याने आपल्या मेजावर लावून ठेवावी इतकी परिपूर्ण आहे. तीत मार्ग आहे, भार आहे, यंत्र आहे, देखभाल आहे, चालक आहे. आणि या प्रत्येकापासून उद्भवणाऱ्या मरणाला आत्रेयांनी अकाली म्हटले आहे.

येथे कर्मसिद्धांताचा अभिमानी असा आक्षेप घेईल की, बाह्य कारणे ही निमित्तमात्र असून बालकाचा मृत्यू त्याच्या पूर्वजन्मीच्या संचितानेच ठरलेला असतो. या मताचा मान राखूनही एक शंका विचारणे भाग आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली सुमारे दीडशे माणसे मेली. उघडे कठडे झाकणे, कडेच्या कठीण वस्तू हटविणे, रोधक बसविणे, मदत लवकर पोचविणे आणि वेगावर देखरेख ठेवणे अशा उपायांनंतर चार-पाच वर्षांत ती संख्या निम्म्याच्या आसपास उतरली. तेव्हा या अवधीत त्या मार्गाने जाणाऱ्यांचे संचित एकाएकी सुधारले असे समजावयाचे काय? डोक्याला हेल्मेट घातल्याने दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा संभव शेकडा चाळीसच्या वर कमी होतो. मग जन्मांतरीच्या पापाला फायबरचे कवच भेदता येत नाही असे मानावे लागेल. रस्त्याच्या रुंदीप्रमाणे, कायद्याच्या अंमलाप्रमाणे आणि सरकारच्या अंदाजपत्रकाप्रमाणे जे कमी-अधिक होते, त्याला अदृष्ट म्हणणे हा अदृष्टाचाच अपमान आहे.

तरीही दैव हा शब्द भाषेतून हद्दपार करावा असे माझे मत नाही. ज्या आईचे मूल अंगणातून रस्त्यावर धावले आणि परत आले नाही, तिला शेजारीण जवळ घेऊन देवाची इच्छा होती असे म्हणते, तेव्हा ती कार्यकारणभावाचा सिद्धांत मांडीत नसते. मी पाठ फिरवली नसती तर, या विचाराने जळणाऱ्या त्या जिवावरचा दोषाचा भार ती हलका करीत असते. हा उपयोग योग्य आणि मानवी आहे. मात्र तोच शब्द ठेकेदाराने, बसमालकाने, आमदाराने किंवा अभियंत्याने उच्चारला की त्याचे स्वरूप पालटते. शोकाकुलाच्या तोंडी जे सांत्वन, तेच जबाबदाराच्या तोंडी कैफियत होते. आणि कैफियत म्हटली की ती पुराव्याने तपासली गेली पाहिजे. ज्याच्या हाती टाळण्याची काही शक्ती नव्हती त्यालाच दैवाचा आश्रय घेण्याचा अधिकार आहे. ज्याच्या हाती ती होती, त्याला तो नाही.

मालकाची जबाबदारी ही काही पाश्चात्त्यांकडून उसनी आणलेली कल्पना नव्हे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीने झालेल्या हानीचा विचार आहे: आस, जू वा चाक मोडल्यास, तसेच सारथ्याने बाजूला होण्याविषयी ओरडून सांगितले असल्यास दंड नाही, परंतु सारथी अकुशल असल्यामुळे हानी झाली तर दंड मालकाला. यांतील ओरडून सांगण्याची सवलत आम्ही हॉर्नच्या रूपाने मोठ्या निष्ठेने जतन केली आहे आणि मालकाच्या दंडाची तरतूद मात्र विसरून गेलो आहोत. जैन विचारात तर हिंसेची व्याख्याच प्रमादाशी जोडलेली आहे: असावधपणे वागून जिवाचा घात होणे ही हिंसा, मग मनात वैर असो वा नसो. मुनी चालताना चार हात पुढची जमीन न्याहाळून पाऊल टाकतो, ती ईर्यासमिती याच विचारातून आली. मुंगी वाचावी म्हणून पायवाट पाहणाऱ्या परंपरेचे आम्ही वारसदार, शाळेसमोर साठ-सत्तरच्या वेगाने गाडी नेतो आणि मांसाहार करीत नाही एवढ्यावर स्वतःस अहिंसक समजतो. या समजुतीला कोणत्याही शास्त्राचा आधार नाही.

आता संशोधकाच्या कामाच्या नैतिक मूल्याविषयी एक विचार उरतो. शल्यवैद्याने वाचविलेला रुग्ण त्याच्या पाया पडतो, विहिरीत उडी घालून मूल काढणाऱ्याचा सत्कार होतो. परंतु कडबा कुट्टीला अडसर बसल्यामुळे ज्याची बोटे शाबूत राहिली त्या मुलाला आपण वाचलो याचा पत्ताही नसतो. प्रतिबंध यशस्वी होतो तेव्हा काहीच घडत नाही, आणि जे घडले नाही त्याची कृतज्ञता कोण मानणार? निष्काम कर्माचे उदाहरण म्हणून आपण युद्धभूमीवरचा योद्धा आठवतो. पण योद्ध्याला निदान विजय दिसतो. इजा-प्रतिबंधाच्या संशोधकाला आपल्या कर्माचे फळ कोण्या एका चेहऱ्यावर कधीच पाहता येत नाही, ते त्याला केवळ आकड्यांच्या उतरणीत वाचावे लागते, आणि तरीही तो चाळीस वर्षे नोंदी करीत राहतो. फलाची आसक्ती नसावी म्हणजे काय, याचा इतका शुद्ध दाखला शोधूनही सापडणे कठीण आहे.

हे सर्व नांदुऱ्यापुरते उतरवून सांगायचे तर करण्याजोग्या गोष्टी मोजक्या आणि साध्या आहेत. २०१९ साली सुधारलेल्या मोटार वाहन कायद्याने चार वर्षांवरील प्रत्येक मुलाला दुचाकीवर हेल्मेट आवश्यक केले आहे. त्याहून लहान मुलासाठी पट्टा, मापाचे हेल्मेट आणि ताशी चाळीस किलोमीटरची वेगमर्यादा २०२२ च्या नियमांनी घातली आहे. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यामागे चौकशीचा ससेमिरा लागू नये अशी तरतूदही त्याच सुधारलेल्या कायद्यात आहे. पेट्रोलच्या टाकीवर उघड्या डोक्याने बसविलेले पोर घेऊन मारुतीच्या दर्शनाला जाणाऱ्या बापाने हे नियम पाळावेत. ग्रामसभेने गोठ्यातील यंत्रांना अडसर आणि शाळेसमोर वेगाला अटकाव मागावा. महामार्गाच्या अधिकाऱ्याने प्रत्येक मृत्यूनंतर पाचही कारणांची तपासणी लेखी करावी आणि ती लोकांपुढे ठेवावी. पहिल्या चार कारणांचा शोध झाल्यावर जे काही उरेल ते खुशाल दैवाच्या स्वाधीन करावे. पण तो शोध घेण्याचा अधिकार आणि साधने हाती असताना जो आरंभीच दैवाचे नाव घेतो, त्याची कैफियत न्यायालयाने फेटाळावी आणि धर्मानेही फेटाळावी.